घाबऱ्या जिवाची सोबत : प्रस्तावना

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला की राज्यातील सर्व विभागीय मंडळांत कोकण मंडळ अग्रस्थानी असावयाचे, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की वर्तमानपत्रांनाही तिच्यासाठी नवा मथळा शोधावा लागत नाही. २०२४ साली या मंडळाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली तो ९८.८२ टक्के होता. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या पदरात पडलेले हे यश खरे आहे, आणि त्यामागे शिक्षकांचे व घरोघरच्या आयांचे कष्ट आहेत यातही संशय नाही. परंतु या आकड्याला एक दुसरी बाजू आहे, व ती कोणत्याही निकालपत्रकावर छापली जात नाही. जेथे शंभरातील साठ मुले उत्तीर्ण होतात तेथे नापास होणाऱ्याला एकोणचाळीस सोबती मिळतात. जेथे नव्याण्णव उत्तीर्ण होतात तेथे उरलेला एक अगदी एकटा पडतो, आणि तो एक आपणच असणार अशी धास्ती, ज्याला वास्तविक पंचाहत्तर टक्के गुण मिळावयाचे असतात असा मुलगाही, पौष-माघापासून उराशी बाळगून बसलेला असतो.

हा विषय पालीहून लिहिला जावा याला कारण आहे. पाली म्हटल्यावर परगावच्या वाचकाच्या मनात बल्लाळेश्वराची पाली उभी राहते, ती रायगडात. खंडोबाची पाल सातारा जिल्ह्यात. आमची पाली लक्ष्मीपल्लीनाथाची, रत्नागिरी तालुक्यातली, हातखंब्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला लागणारी, आणि नाणीज, साखरपा, आंबा घाट करीत कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटत असल्यामुळे आठही प्रहर वाहनांच्या घरघरीत नांदणारी. भोवतालच्या वाड्यांवरील मुले एस.टी.ने, वडापने किंवा पायी येथल्या शाळांत येतात. त्यांच्यापैकी अनेकांचे वडील मुंबईस, ठाण्यास, वसई-विरारकडे चाकरीला. घरचा कारभार आई आणि आजी यांच्या हाती, व महत्त्वाच्या निर्णयांची मुखत्यारी रात्री येणाऱ्या फोनवर. अशा घरात कोणते दुखणे कोणाला सांगावयाचे याची एक वहिवाट ठरून गेलेली असते. ताप आला तर आईला सांगावे, फी भरावयाची असेल तर वडिलांना, पाय मुरगळला तर वाडीतल्या जाणत्याला. पण वर्गात बसल्याबसल्या छाती उगाच धडधडते, जीव गुदमरतो, आता आपले काही खरे नाही असे वाटते, ही तक्रार कोणाकडे रुजू करावी हे ना मुलाला ठाऊक असते, ना घराला. पालीच्या पंचक्रोशीतील पालकांच्या व शिक्षकांच्या हाती द्यावी म्हणून सिद्ध झालेल्या या पुस्तिकेचे प्रयोजन एवढेच आहे. प्रस्तुत लेखक मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. ज्याचे आयुष्य खडू-फळ्याशी गेले अशा एका शिक्षकाने ही प्रस्तावना लिहावी असा आग्रह झाला, म्हणून हे चार शब्द.

शब्द वापरण्याआधी वस्तू डोळ्यांसमोर असावी. दहावीतील एक मुलगी घेऊ. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती एक नसून अशा अनेकींच्या हकीकतींतून मिळून झालेली आहे. श्रावणातली सकाळ आहे. गाडी भरलेली, पावसामुळे काचा ओढून घेतलेल्या, ओल्या छत्र्यांचा आणि रेनकोटांचा कोंदट वास सर्वत्र भरून राहिलेला. दप्तर पोटाशी धरून, वरच्या दांड्याला एका हाताने लटकून ती उभी आहे. पहिल्या तासाला गणिताची चाचणी आहे, पण या घटकेस ती गणिताचा विचारही करीत नाही. एकाएकी छातीत धडधडू लागते. श्वास पुरत नाही म्हणून ती मोठमोठे श्वास घेते, आणि जितके मोठे घेते तितके ते कमी पडतात. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, तळव्यांना घाम सुटतो, पायांतले बळ जाते. शेजारच्या बायका काही बोलत आहेत ते दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येते. आपण मरत आहो किंवा आपले डोके फिरत आहे, यांपैकी एक गोष्ट नक्की, असे तिला वाटते. पुढच्या थांब्यावर ती कशीबशी उतरते, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसते, आणि काही वेळाने सारे ओसरते. घरी परतल्यावर आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते, आई दवाखान्यात नेते, हृदयाचा आलेख काढला जातो, तो निर्दोष येतो, आणि डॉक्टर हसून म्हणतात, “काही झालेलं नाही हिला.” आईला या वाक्याने हायसे वाटते. मुलीला मात्र त्याच वाक्याचा अर्थ असा लागतो की आपण खोटे बोललो असे सर्वांना वाटते आहे. दुसऱ्या दिवशी ती त्या गाडीने जात नाही.

वास्तविक तिला पुष्कळ काही झालेले असते, फक्त धोक्याचे असे काही झालेले नसते. आणि या दोहोंतला भेद नीट समजावून देणे हे उपचाराचे अर्धे काम आहे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, हृदय जलद चालू लागते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, घाम सुटतो, पचनाचे काम तहकूब होते म्हणून पोटात गोळा येतो. लढण्याची किंवा पळण्याची ही शरीराची सिद्धता होय, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास करून ठेवला आहे. मुंग्या येणे, ओठ बधिर होणे व घेरी येणे हा गरजेहून अधिक श्वास घेतल्याचा परिणाम असतो. अशा श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण घटते, आणि प्राणवायूची मुळीच उणीव नसताना माणसाला गुदमरल्याचा भास होतो. राखणीचा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो तेव्हा त्याच्या इमानात खोट नसते, ओळखण्यात चूक असते, तसेच हे. झटका साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि पुढच्या वीस-तीस मिनिटांत आपोआप उतरतो, कारण ही सिद्धता दीर्घकाळ टिकवून धरणे शरीराच्या स्वभावातच नाही. मोरीच्या कठड्यावर बसली म्हणून तिचा झटका ओसरला नाही. ती गाडीतच राहिली असती तरी तो ओसरलाच असता. पण तिच्या मनाने नोंद केली ती अशी, की उतरले म्हणून वाचले.

पुढचे सारे दुखणे या एका चुकीच्या नोंदीतून वाढते. पहिला झटका गाडीत आला म्हणून गाडी वर्ज्य होते. मग गर्दी म्हणून बाजारपेठ, कोंडलेली जागा म्हणून सभागृह, उठून जाता येत नाही म्हणून वर्ग. आता तिला भीती वाटते ती गणिताची नव्हे, भीती वाटेल याची. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ साली या विषयावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले ते याच अनुभवाच्या बळावर. विद्यार्थिदशेत त्यांना क्षय झाल्याचा चुकीचा संशय व्यक्त झाला, त्या धास्तीने त्यांचे हृदय धडधडू लागले, आणि पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या एका मित्राने, खंदकांत आमची छाती अशीच धडधडत असे आणि ती निव्वळ भयाने, असे सांगितले तेव्हा त्यांच्या दुखण्याची गाठ सुटली. भीतीशी झुंजू नका, तिच्यापासून पळूही नका, तिला येऊ द्या व जाऊ द्या, या त्यांच्या शिकवणीला पुढे संशोधनाने पुष्टीच दिली.

येथे एक मर्यादा घालून घेणे आवश्यक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे, वक्तृत्वस्पर्धेत नाव पुकारले की हातपाय गार पडणे हा विकार नव्हे. तेवढी काळजी नसती तर निम्म्या वर्गाने पुस्तक उघडले नसते. विकाराची शंका घ्यावयाची ती भीतीने मुलाच्या हालचालींचा प्रदेश आकुंचित होऊ लागतो तेव्हा. गैरहजेरी वाढते, सकाळी पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, मैत्रिणींकडे जाणे थांबते, झोप व भूक बिघडते, आणि हे काही आठवडे चालते. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत चिंताविकारांचे प्रमाण ३.६ टक्के आढळले. साठांच्या वर्गात सरासरीने दोन मुले. ती कोणती हे शिक्षकाला सहसा कळत नाही, कारण अशी मुले दंगा करीत नाहीत, वह्या नीट ठेवतात आणि मागच्या बाकावर जागा मागून घेतात. शिवाय भीती ही माणसाला सरसकट लागत नाही. शिमग्यात नमनाच्या रंगात साऱ्या गावापुढे रात्रभर मृदंग वाजविणारा मुलगा इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचावयास सांगितला की थरथरतो, हे पाहिलेला शिक्षक त्याला भित्रा म्हणण्यास धजणार नाही.

घरी-दारी अशा मुलाशी वागण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिली दटावण्याची. “घाबरायला काय झालं? आम्ही अनवाणी शाळेत जायचो,” हे वाक्य मुंबईहून फोनवर येते तेव्हा त्यात वडिलांचा कळवळाच असतो, पण मुलाच्या पदरात पडते ते एवढेच की भीतीबरोबर आता लाजही वाहिली पाहिजे. या रीतीचे दोष सर्वांना दिसतात, तिच्यावर भाषणे होतात, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. दुसरी रीत मायेची आहे, आणि मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः तिच्याविषयी, कारण ती सद्गुणाच्या वेषात वावरते. मुलगी गाडीत घाबरते, मग शेजारच्याच्या दुचाकीवरून सोडा. वर्गात प्रश्न विचारला की रडू येते, मग गुरुजींना चिठ्ठी द्या की तिला उभे करू नये. सहामाहीच्या दिवशी पोटात ढवळते, मग दाखला आणून परीक्षा माफ करून घ्या. रात्री एकटीला झोपवत नाही, मग आईने तिच्याजवळ निजावे. प्रत्येक सवलत स्वतंत्रपणे पाहिली तर माणुसकीचीच दिसते, आणि प्रत्येक सवलतीनंतर मुलीच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटकेचा भाव उमटतो, म्हणून तर आई ती देते. परंतु तीच सुटका भीतीचे भांडवल असते. आई न बोलता कबूल करते की गाडी ही भिण्याजोगीच गोष्ट आहे, व तुला ती झेपणार नाही. वर्षभरात सारे घर त्या भीतीच्या हुकमतीखाली वागू लागते. जेवणाच्या वेळा, पाहुण्यांकडे जाणे-येणे, धाकट्या भावाची सहल, सर्व काही तिच्या तब्येतीने ठरते. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते चौदा वर्षांच्या १२४ चिंताग्रस्त मुलांवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना नेहमीचे मानसोपचार दिले, उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत मुलाला बोलावलेच नाही, फक्त आईबापांना या सवलती क्रमाक्रमाने काढून घेण्यास व त्याच वेळी मुलावरचा विश्वास शब्दांनी व्यक्त करण्यास शिकविले. आणि गुण दोहोंकडे सारखाच आला. ज्या पालकांना वाटते की आमचा मुलगा समुपदेशकाकडे यावयासच तयार नाही, आता काय करावे, त्यांनी हा प्रयोग मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सवलत काढून घेणे म्हणजे ढकलून देणे नव्हे. याविषयी आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसंगाचा हवाला देता येईल, आणि तो महाराष्ट्रातील आबालवृद्धांना ठाऊक आहे. पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये श्यामला पोहावयास पाठविण्याची हकीकत आहे. पाण्याला भिणारा श्याम दडून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते, तो शिकतो, मागाहून मुलाच्या अंगावरचे वळ पाहून त्या माउलीचे डोळे भरून येतात. या गोष्टीचे तात्पर्य बहुतेक वाचक शिंपटीत शोधतात. मला ते तेथे दिसत नाही. श्यामची भीती गेली ती पाण्यात जाणते पोहणारे होते म्हणून, बुडू देणार नाही असा भरवसा होता म्हणून, आणि तू भितोस एवढ्या कारणावरून आईने पोहण्याचे काम रद्द केले नाही म्हणून. शिंपटी वगळली असती तरी या तीन गोष्टींनी तो शिकलाच असता, कदाचित दोन दिवस उशिरा. आणि त्या तीनही गोष्टी आजचा पालक शिंपटीला हात न लावता करू शकतो.

कशा, ते आपल्या गाडीतल्या मुलीच्या बाबतीत पाहू. तिने स्वतः, आपल्या हाताने, एका कागदावर सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लिहावयाच्या. मैत्रिणीबरोबर स्टँडवर उभे राहून गाडी येताना व जाताना पाहणे, उभ्या असलेल्या गाडीत चढून बसणे व सुटण्यापूर्वी उतरणे, दाराजवळच्या बाकावर बसून एकच थांबा जाणे, मग दोन, मग मधल्या बाकावर, मग मैत्रीण पुढच्या दाराशी व ही मागे, मग एकटी, मग सकाळच्या गर्दीत, दांड्याला लटकून, आणि शेवटी भर पावसात, काचा बंद असताना. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावयाचे. भीती आठावर असताना उतरावयाचे नाही. ती चारावर येईपर्यंत, किंवा निदान ती वाढावयाची थांबली हे स्वतःला कळेपर्यंत, तेथेच राहावयाचे. एक पायरी कंटाळवाणी झाली की दुसरी. कंटाळा हे येथे सुचिन्ह आहे. कधी समुपदेशक याहून एक पाऊल पुढे जातात आणि मुलीला जागच्या जागी धावावयास सांगून तिची छाती मुद्दाम धडधडवतात, गिरकी घ्यावयास लावून घेरी आणतात, म्हणजे त्या संवेदना आणि मरण यांची मनात जुळलेली गाठ सुटते. ही गोष्ट मात्र शारीरिक तपासणीनंतर व जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावी.

श्वासाविषयी थोडे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, व घेतला त्याहून अधिक वेळ लावून तो सोडावा, हा उपाय खरा आहे व त्याचे कारण वर येऊन गेले. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी युक्ती आता कोणी करू नये. त्रास दम्याचा असला तर ती अपाय करील. परंतु या श्वसनाचाही ताईत होता कामा नये. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत की पाण्याची बाटली, खिशातील न उघडलेले गोळ्यांचे पाकीट, आईचा नंबर लावून हातात धरलेला फोन, यांच्यावाचून त्यांचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे, आणि प्रत्येक वेळी वाचल्याचे श्रेय ते स्वतःला न देता त्या बाटलीला देत. पायऱ्यांच्या कागदावर शेवटच्या एक-दोन ओळी या वस्तू घरी ठेवून जाण्याच्या असाव्या.

शाळेत झटका आला तर काय करावे हे शिक्षकांनी आधी ठरवून ठेवलेले बरे. सारा वर्ग भोवती गोळा करणे, कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे, ‘काय होतंय, काय होतंय’ असा भडिमार करणे, यांनी मुलाची खात्रीच पटते की प्रसंग प्राणावरचा आहे. मुलाच्या ओळखीच्या एकाच मोठ्या माणसाने जवळ बसावे, हळू आवाजात बोलावे, हे येते आणि जाते एवढे सांगावे, आणि आपल्याला घाई नाही हे बसण्यातून दाखवावे. ओसरल्यावर मुलाने त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, वर्गात परत जावे. घरी पाठवू नये. पहिल्यांदाच असा त्रास झाला असेल तर मात्र डॉक्टरांची तपासणी अवश्य व्हावी, कारण दमा, थायरॉइडचा विकार, हृदयाच्या ठोक्यांतील दोष व रक्तक्षय हीही धडधडीची कारणे असतात. एकदा ती तपासणी झाली की प्रत्येक झटक्यागणिक नवा आलेख काढण्याचा आग्रह सोडावा. बोर्डाच्या परीक्षेत २०२३ पासून उत्तरपत्रिकेसाठी शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळतात, व मंडळ परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक दरवर्षी जाहीर करते. मुलांना या दोन्ही गोष्टी हॉल तिकिटाबरोबरच सांगाव्यात.

मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या आजीला या पुस्तिकेत कोठेही हिणवलेले नाही, व ते योग्यच झाले. दृष्ट काढावयास दोन मिनिटे लागतात, त्यात नातीच्या तोंडावरून आजीचा हात फिरतो, आणि पल्लीनाथापुढे गाऱ्हाणे घातल्याने कोणाचे काही बिघडत नाही. माझा आक्षेप आहे तो त्यापुढच्या पायरीला. ‘कुणीतरी केलंय’ असे एकदा कोणी सांगितले की भीतीला शेजारच्या घरात कायमचे बिऱ्हाड मिळते, त्या घराशी बोलणे बंद होते, आणि मुलीला न जाण्याच्या जागांत आणखी एका अंगणाची भर पडते.

भीती आधी जाईल आणि मग काम सुरू होईल, अशी आपली कल्पना असते. घडते पुष्कळदा याच्या उलट. दापोली तालुक्यातील मुरूडचा एक मुलगा १८७५ साली सरकारी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून शंभरावर मैलांची वाट पायी तुडवीत साताऱ्यास गेला, आणि तेथील अधिकाऱ्याने, वयाची सतरा वर्षे पुरी झाल्याचा दाखला हातात असतानाही, तू पंधराचा दिसतोस म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तो उत्तीर्ण झाला. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. स्वभावाने आपण अत्यंत लाजाळू होतो हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. आणि त्याच लाजाळू माणसाने पुढे १८९६ साली स्थापलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, आणि सत्तरी उलटल्यावर जगाचा प्रवास केला. भिडस्तपणा हा घरात ठेवून यावयाचा जिन्नस नव्हता. तो बरोबर घेऊनच ते फिरले. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रणेते अल्बर्ट एलिस, ज्यांचे चरित्र अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकातून मराठी वाचकांपुढे मांडले, त्यांनी एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची आपली भीती घालविण्यासाठी न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानात महिनाभर रोज जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या दिसतील त्या शंभरावर स्त्रियांशी संभाषण केले. एकच पुन्हा भेटावयास कबूल झाली, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. हा प्रयोग पालीच्या स्टँडवर करण्याजोगा नव्हे हे सांगावयास नको, पण त्यातील तत्त्व आपल्या मुलीच्या कागदावरचेच आहे.

आता तज्ज्ञांच्या मदतीविषयी. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आणून ठेवले तेच हे वर्ष, आणि गंमत अशी की राजवाडा पाहावयास लोक हौसेने जातात व रुग्णालयाचे नाव थट्टेत घेतात. या थट्टेमुळे किती पालक बाह्यरुग्ण विभागाच्या दारातून परतले असतील याची नोंद कोठल्याच दफ्तरी नसणार. मुंबईकडे ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे काम ठाऊक असेल. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा इलाज, ही समजूत मराठी मध्यमवर्गातून हलविण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा आहे. ज्यांना कोठेही जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला की मराठीतही बोलता येते. औषधांच्या नावाने दचकण्याचे कारण नाही, आणि त्यांच्यावरच सारी भिस्त ठेवण्याचेही नाही. अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विचार व वर्तन बदलण्याच्या उपचाराने ६० टक्के मुलांना चांगला गुण आला, नुसत्या औषधाने ५५ टक्क्यांना, दोन्ही मिळून ८१ टक्क्यांना, आणि औषध नसलेल्या साखरेच्या गोळीने २४ टक्क्यांना. औषध सुरू करणे, वाढविणे व बंद करणे या तीनही गोष्टी मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने व्हाव्यात. मैत्रिणीच्या आईला लागू पडलेली झोपेची गोळी मुलीला देऊ नये.

एका प्रसंगी मात्र पायऱ्या, कागद, धीर सारे बाजूला ठेवावे. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले, अंगावर इजा करून घेतल्याच्या खुणा दिसल्या, आपल्या आवडत्या वस्तू ते वाटून टाकू लागले, तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. असे काही मनात येते का, हे सरळ विचारल्याने ते मनात भरवले जात नाही. उलट कोणीतरी विचारले याचाच मुलाला आधार होतो.

पुस्तिकेच्या अखेरीस काही पाने कोरी सोडलेली आहेत. ती पायऱ्या लिहिण्यासाठी आहेत, आणि मुलांनी ती स्वतः भरावयाची आहेत. आमच्या शिक्षकबांधवांना सवयीने लाल शाईचे पेन हातात घेण्याचा मोह होईल, म्हणून विनंती, की त्या पानांवरील शुद्धलेखन तपासू नये. आणि पालकांनी एखादी पायरी फार सोपी आहे असे वाटल्यास ती खोडू नये, कारण ती सोपी आहे की अवघड हे त्या कागदाच्या मालकालाच ठाऊक असते.